कोरड्या मुलखातील पायवाटा

सहल म्हटली की आपल्या हैदराबादकर मराठी कुटुंबांच्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक महाबळेश्वरचे, दुसरे तिरुपतीचे. पहिल्यात थंड हवा, दुसऱ्यात पुण्य. मुलांच्या परीक्षा संपल्या की आपण पहिल्याच्या तयारीला लागतो आणि घरात मंगलकार्य पार पडले की दुसऱ्याच्या. पण आपल्या उंबरठ्यापासून मोटारीने तीन-चार तासांवर जो बिदर-गुलबर्ग्याचा विस्तीर्ण मुलूख पसरला आहे, तो आपण पिढ्यान् पिढ्या पाहिला तो केवळ आगगाडीच्या खिडकीतून. सोलापूरकडे जाताना गुलबर्गा लागते, लातूर-परळीकडे जाताना बिदर लागते. गाडी थांबते, चहा होतो, गाडी सुटते. बाहेर पाहावे तो तांबडी-काळी माती, बाभळी, तुरीची शेते, आणि दूर कोठे तरी एक घुमट. “काय हा रुक्ष प्रदेश!” असे म्हणून आपण पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो.

हा प्रदेश रुक्ष आहे, हे मी नाकारीत नाही. पाऊस वर्षाला तीस इंचांच्या आसपास, आणि तोही पडेल तेव्हा खरा. चैत्र-वैशाखात गुलबर्ग्याचे ऊन असे की पाखरूही सावली सोडीत नाही. पण तरी हे वाळवंट नव्हे. येथे पाणी आहे, मात्र ते दिसत नाही. सौंदर्य आहे, मात्र ते मोटारीच्या वेगाला सापडत नाही. ते पाहावयाचे तर पायी चालले पाहिजे. गेल्या काही हिवाळ्यांत आम्ही घरची मंडळी या भागात रविवार-रविवार चाललो. आमच्यात सत्त्याहत्तर वर्षांची माझी आई होती, गुडघ्याची तक्रार असलेली पत्नी होती, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा होता. म्हणजे गिर्यारोहक म्हणावा असा एकही इसम नव्हता. ज्या वाटा आम्हांस झेपल्या, त्या कोणत्याही कुटुंबास झेपतील, या भरवशावर हे टिपण वाचकांपुढे ठेवीत आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. हा मुलूख आपल्याला परका नाही. १९४८ पर्यंत तो आपल्याच संस्थानात होता. १९५६ साली भाषावार रचना झाली, तेव्हा बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. आजही भालकीच्या बाजारात मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच पाटीवरच्या भाजीसाठी घासाघीस करताना ऐकू येतात. २०१४ पासून गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुरगी झाले आहे. आपल्या वडील मंडळींच्या तोंडी मात्र गुलबर्गाच राहणार, म्हणून मीही येथे तेच वापरतो.

जांभ्याच्या पठारावर

आरंभ बिदरपासून करावा. गाव समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांहून अधिक उंचावर आहे, त्यामुळे हवा गुलबर्ग्यापेक्षा निवळ. ज्या पठारावर ते वसले आहे, ते जांभा दगडाचे. कोकणातल्या घरांना जो तांबडा, भोकाभोकांचा चिरा लावतात, त्याचाच हा भाऊबंद. घाट ओलांडून इतक्या आत, देशावर, तो तांबडा दगड दिसताच आमच्या मंडळींना नवल वाटले.

या दगडात बिदरचे सारे रहस्य आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी तो स्पंजासारखा पिऊन घेतो. त्याच्या खाली दख्खनचा काळा कातळ; तो पाण्याला सहज वाट देत नाही. मग अडलेले पाणी आडवे सरकत पठाराच्या कडेला येते आणि झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. बिदरभोवती जी तीर्थे आहेत, ती अशा झऱ्यांवर आहेत. पापनाशचे शिवमंदिर घ्या, नरसिंह झरणी घ्या, किंवा गुरू नानकांच्या नावाचा नानक झिरा घ्या. देव निरनिराळे, भक्त निरनिराळे, पण पाणी एकाच पोटातले.

पहिल्या दिवसासाठी किल्ला आणि अष्टूर ही वाट उत्तम. किल्ल्यात सकाळी लवकर शिरावे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली. किल्ल्याचा तिहेरी खंदक दगडात खोदून काढलेला आहे. मधल्या दोन भिंती बांधलेल्या नसून खोदताना तशाच राखलेल्या आहेत, हे मुलांना दाखवून द्यावे, कारण ते त्यांच्या आपण होऊन ध्यानात येत नाही. आत रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे जडावकाम आहे. ते कुलपात असते. अदबीने विचारले तर बहुधा उघडून दाखवितात. तटाच्या कडेला मात्र लहान मुलांना हात धरूनच न्यावे, कठडे जागोजागी ढासळले आहेत. तेथून उत्तरेकडे मांजरेचे खोरे दिसते. आमच्या बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावणारी ही नदी येथून पुढे गोदावरीकडे वळते.

गावातून जाताना महमूद गवानचा मदरसा लागतो. १४७२ सालचे हे विद्यापीठ. इराणातून आलेल्या या वजिराने ग्रंथ आणि विद्वान दोन्ही दूरदूरून आणविले. १४८१ साली एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. पुढे औरंगजेबाच्या काळात इमारतीत दारूगोळ्याचा स्फोट होऊन तिचा मोठा भाग उडाला. उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे जे तुकडे अद्याप चिकटून आहेत, ते पाहून माझ्या मुलीने विचारले, “बाबा, हे सगळं असंच होतं तेव्हा?” होय म्हटल्यावर ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली.

तेथून अष्टूर पूर्वेला साधारण तीन किलोमीटर. सपाट शेतांमधली वाट, मध्ये टेकाडावर खलिलुल्लाची अष्टकोनी चौखंडी, आणि पुढे बहमनी सुलतानांचे घुमट एका रांगेत. त्यांतला हुमायूनशाहाचा घुमट १८८२ साली वीज पडून उभा चिरला. आजही तो अर्धा उभा आहे, आणि घुमट आतून कसा बांधतात याचा धडा त्याच्याइतका उघड कोठेही मिळणार नाही. अहमदशाहाच्या कबरीच्या आत शेंदरी आणि सोनेरी रंगांतले लेखनकाम आहे. आत अंधार, रखवालदाराने दारात आरसा धरून उन्हाची तिरीप छतावर फिरविली, तेव्हा एकेक अक्षर उजळत गेले. या अहमदशाहाला मुसलमान वली म्हणतात आणि लिंगायत मंडळी अल्लमप्रभूंचा अंश मानतात. त्याचा उरूस होळीनंतर विसाव्या दिवशी, म्हणजे हिंदू तिथीने भरतो, आणि गुलबर्ग्याकडून येणारा एक जंगम त्यात अग्रमानाने चालतो. आमची आई हात जोडून म्हणाली, “ज्यानं पाण्याची सोय केली, त्याला देव म्हटलं तर काय बिघडलं?”

जमिनीखालची नदी

आईच्या बोलण्याला कारण होते. तिचे माहेर बिदरचे, चौबाऱ्याजवळच्या एका गल्लीतले. लहानपणी ज्या विहिरीचे पाणी ती शेंदीत असे, तिच्या तळाशी पाणी ‘चालत’ असे, असे ती आम्हांला नेहमी सांगे. आम्ही ते बालपणीच्या अद्भुत गोष्टींत जमा करीत आलो. दुसऱ्या सहलीत नौबादच्या कारेजाशी उभे राहिलो, तेव्हा तिचे शब्द शब्दशः खरे असल्याचे डोळ्यांनी पाहिले.

कारेज म्हणजे भुयारी पाट. उंचावर एक मूळ विहीर खणावयाची, पाणी लागले की तेथून उताराकडे अगदी अल्प ढाळाने भुयार काढीत न्यावयाचे, आणि त्या भुयारावर अंतराअंतराने उभ्या विहिरी पाडावयाच्या. खणताना माती वर काढण्यास, आत हवा जाण्यास आणि पुढे पाणी शेंदण्यास त्याच विहिरी उपयोगी. ना मोट, ना यंत्र. पाणी आपल्या पायांनी चालत गावात येते, आणि जमिनीखालून येत असल्यामुळे उन्हाने आटत नाही. ही विद्या इराणची. बहमनींच्या दरबारी जे इराणी आले, त्यांच्याबरोबर ती आली आणि जांभ्याने तिला आश्रय दिला, कारण जांभा खोदण्यास मऊ आणि हवा लागली की घट्ट होणारा. नौबादचा कारेज दोनेक किलोमीटरहून लांब आहे. केरळचे भूगोलाचे अध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी गेल्या दशकात त्याचा अभ्यास केला, गाळ उपसण्याचे काम झाले, आणि त्याच्याकडे पुन्हा लोकांचे लक्ष गेले.

वर चालताना एका विहिरीपासून दुसरीपर्यंत पावले मोजण्याचा खेळ मुलांनी काढला. विहिरींच्या तोंडांपासून मात्र त्यांना चार हात दूर ठेवावे लागते. काही तोंडे झाडोऱ्यात लपलेली, काही केरकचऱ्याने बुजत चाललेली, काहींच्या आसपास घरे उठलेली. एके ठिकाणी शेतात काम करणाऱ्या म्हातारबांनी आईला हाक दिली, “या की आई, बसा घटकाभर. पाणी घ्या.” आई बसली, आणि दोघांनी मिळून मुलांना सांगितले की पूर्वी कोणत्या आळीला कोणत्या विहिरीचे पाणी होते. त्या अर्ध्या तासात मुलांना जे कळले, ते कोणत्याही पुस्तकात नाही. ज्यांना हे ठाऊक आहे, ती माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. विहीर बुजली तर ती उपसता येते. ती कोठे होती हे सांगणाराच गेला, तर काय उपसावयाचे?

तीन दगड, तीन राजधान्या

बिदरचा तांबडा दगड मागे टाकून नैऋत्येला निघाले की काळी जमीन सुरू होते. २०१७ साली बिदर-गुलबर्गा रेल्वे पुरी झाल्यापासून हुमनाबादला जाणे सोपे झाले आहे. हुमनाबादला लागूनच माणिकनगर. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, समाधी १८६५ ची. त्यांची मराठी, कानडी आणि हिंदी पदे आपल्या आजी-पणजीच्या वह्यांतून उतरवून घेतलेली अनेक घरांत सापडतील. गावातून माणिकनगरापर्यंत रमत-गमत चालत जावे, दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा, आणि उतरत्या उन्हात जलसंगवीचे कल्याणी चालुक्यांचे देऊळ पाहावे. तेथे काळ्या पाषाणात एक तरुणी कोरली आहे. ती लेखणीने शिळेवर अक्षरे लिहिते आहे, आणि ती अक्षरे खरोखरीची आहेत: सहाव्या विक्रमादित्याची प्रशस्ती. या राजाची राजधानी जवळच, आजच्या बसवकल्याणला. तेथेच विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, जिच्या आधारे आपल्याकडे वारसाचे तंटे शेकडो वर्षे सुटत आणि वाढत आले. आणि तेथेच बाराव्या शतकात बसवेश्वरांचा अनुभवमंटप भरला.

आणखी दक्षिणेला, गुलबर्ग्याच्या पलीकडे, तिसरा दगड लागतो. हा आपल्या पायांच्या पूर्ण ओळखीचा आहे. शहाबादी फरशी! जिच्यावर आपण रांगलो, पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, ती करडी गुळगुळीत फरशी गुलबर्गा जिल्ह्यातल्या शहाबादची. त्याच चुनखडीच्या पट्ट्यात कागिणा नदीकाठी मालखेड आहे, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. आज तेथे किल्ल्याचे भग्न तट आणि शांतता आहे. ज्या घराण्याने वेरूळचे कैलास खोदविले, त्याच घराण्याच्या अमोघवर्षाची ही राजधानी. मुलांना मी एवढेच सांगितले, “घरच्या फरशीचं हे माहेर.” त्यावर धाकट्याने बूट काढून अनवाणी चालून पाहिले.

याच बाजूला भीमेकाठी सन्नती. तेथील चंद्रलांबा आपल्यातील कित्येक देशस्थ घरांची कुलस्वामिनी. पूर्वीचे लोक येत, ओटी भरीत आणि परत जात. १९८६ साली आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले, आणि देवीच्या पीठाची शिळा उघडी पडली. ती होती सम्राट अशोकाची आज्ञा, ब्राह्मी लिपीतली! जवळच कनगनहळ्ळीला पुढे उत्खनन झाले, स्तूप निघाला, आणि ‘राया असोको’ अशी अक्षरे खाली असलेली राजाची शिल्पाकृती सापडली. आपल्या पणज्यांनी जेथे हात जोडले, तेथे पायाखाली इतिहास बावीसशे वर्षे वाट पाहत होता. कुलदैवताला जाताना यापुढे तासभर अधिक काढावा आणि मुलांना तेवढे चालवावे, ही माझी विनंती.

गाणगापूरची वाट

पण या साऱ्या मुलखात मराठी माणसाने सर्वांत अधिक तुडविलेली वाट म्हणजे गाणगापूरच्या मठापासून भीमा-अमरजा संगमापर्यंतची. अंतर सुमारे तीन किलोमीटर. आता रिक्षा पाच-दहा मिनिटांत सोडते. आईने रिक्षा नाकारली. “लहानपणी बाबांच्या मागनं चालले होते. आता नातवाच्या पुढं चालते,” ती म्हणाली.

आम्ही सूर्योदयाला निघालो. ती शंभर पावले चाले आणि थांबे. प्रारंभी मुले पुढे धावत आणि परत येत. मग तीही तिच्या चालीने चालू लागली, आणि त्या चालीत त्यांना गोष्टी दिसू लागल्या: तुरीच्या शेंगांवरचे पोपट, दूरच्या पडीकात मान वर करून उभी राहिलेली काळविटांची जोडी, दंडवत घालीत जाणारा एक सोलापूरकडचा तरुण. दोन तास लागले. संगमावर औदुंबराखाली ती टेकली आणि कितीतरी वेळ बोलली नाही. येताना मात्र तिने आपण होऊन रिक्षा बोलावली. हट्ट आणि विवेक यांतले अंतर तिला आमच्यापेक्षा अधिक कळते. दुपारी मठाकडे येऊन मधुकरी घेतली. कुटुंबाच्या सहलीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा, हा नियम मी तेथे शिकलो. त्यात कोणाचेही नुकसान होत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी

ऋतू कार्तिकापासून माघापर्यंतचा. पहाटे निघावे, अकराच्या आत छपराखाली बसावे आणि पुन्हा चारनंतर उठावे. माणशी दोन लिटर पाणी बरोबर हवेच. घुमट-देवळांपाशी ते मिळेलच असे नाही. डोक्याला टोपी वा पंचा, पायांत जुने, सवयीचे जोडे. मुलांना दगड उलथू देऊ नयेत, विंचू असतात. जुन्या कमानींना आग्या मोहोळे लटकलेली असतात. तेथे धूर, दगड आणि आरडाओरड तिन्ही वर्ज्य. भीमेच्या पात्रात पायऱ्यांच्या पुढे जाऊ नये. शिदोरीला ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि दही. या हवेत यांच्यासारखे टिकाऊ अन्न नाही. परतताना बिदरच्या गल्लीत बिदरीकाम पाहावे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीचे तार बसवून, शेवटी किल्ल्यातली जुनी माती लावून, कारागीर ते काळे करतात, आणि चांदी तेवढी पांढरी राहते.

येळवस

कुटुंबाने मिळून एक दिवस रानात जाणे ही काही नवी कल्पना आहे, असे मात्र कोणी समजू नये. या सीमाभागात आणि शेजारच्या लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षाच्या अमावास्येला ‘येळवस’, म्हणजे वेळ अमावास्या, होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरून जातात. शेतात कडब्याची कोप उभारतात, आत पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे आणि मडक्यातली गार आंबील यांची पंगत बसते. ज्याला शेत नाही, त्याला शेजारचा बोलावतो. वाटेवरच्या परक्यालाही हाक मारून बसवतात. आम्हांलाही बसविले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ही मुळे सोडून शहरात बिऱ्हाडे थाटली. सण मात्र तेथेच राहिला.

म्हणून मला वाटते, या हिवाळ्यात निदान एक रविवार काढावा. घरातल्या वृद्ध माणसाला आधी विचारावे, “तुमचं गाव कोणतं, पाणी कोठून भरीत होता?” आणि मग मुलांना घेऊन त्या जागी जावे. काही विहिरी सापडतील, काही सापडणार नाहीत. पण ज्या मुलाने कारेजाच्या काठी उभे राहून खोलातल्या पाण्याचा आवाज एकदा ऐकला आहे, ते मोठेपणी त्या विहिरीत कचरा टाकणार नाही, आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही. कोरड्या मुलखाला याहून अधिक पाऊस आपण पाडू शकत नाही. आहे ते पाणी ओळखणारी माणसे मात्र आपण वाढवू शकतो, आणि त्यासाठी तीन किलोमीटरची चाल पुरते.